वर्षभरात बायबल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि बाइंडिंगची तक्रार)

रोज तीन अध्याय, रविवारी पाच. आपल्या प्रोटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांचे एकूण ११८९ अध्याय वर्षात बसतात, वर आजारपणाला तीन दिवस उरतात. हा हिशेब आपल्याकडे आजी-आजोबांपासून चालत आलाय, तो समजावत बसत नाही. कॅथलिक मंडळींनी आपली ७३ पुस्तकं धरून वेगळा करावा.

१ जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. फेब्रुवारी लागला आणि लेवीय या तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायावर बाइंडिंग सुटलं. बहुतेकांचा नेम लेवीयात मोडतो, माझं पुस्तकच मोडलं. आत बघते तर शिलाई नाही, नुसता डिंक! बाराशेच्या वर पानं, आणि भरवसा डिंकावर. ३५० रुपयांचं पुस्तक पाच आठवडे टिकलं, म्हणजे आठवड्याला ७० रुपये. त्यात लिटरभर दूध आलं असतं.

दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, लोक बायबल कपाटात ठेवतात. रोज इतकं कोण उघडतं?" मग बिल मागितलं. बिल मी खूण म्हणून लेवीयातच घातलं होतं. काढून बघितलं तर शाई उडून कोरा कागद. संपला विषय.

रागाने तीन आठवडे मोबाइलवर वाचलं. फुकट आहे, अक्षर मोठं होतं, चाळिशीनंतर त्याची किंमत कळते. पण गणना हे चौथं पुस्तक वाचताना वरून चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरचे गुलाबाचे फोटो येत राहतात. नंतर आठवायला गेलं तर वचन पानाच्या कुठल्या बाजूला होतं हेही डोळ्यांसमोर येत नाही.

गणनाबद्दल मात्र मत बदललं. मला वाटायचं नुसती शिरगणती आहे. २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहतात: बापाला मुलगा नाही, तर त्याचं वतन आम्हाला द्या. मोशे परमेश्वराला विचारतो आणि उत्तर येतं, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. पाचही जणींची नावं दिलीत. मी हक्कसोडपत्रावर सही करून आलेली बाई, तिथे बराच वेळ थांबले. (शेवटच्या अध्यायात त्यांना लग्न आपल्याच वंशात करायची अट घातलीय. म्हणजे भाऊबंदकी तिथेही सुटली नाही.) इतकी वर्षं उपासनेला बसतेय, यावर एक प्रवचन ऐकल्याचं आठवत नाही.

मार्चमध्ये गल्लीतल्या बाइंडरकडे पुस्तक दिलं. १८० रुपये. त्याने सगळी पानं सोडवून दोऱ्याने शिवली, नवा पुठ्ठा लावला. काम झकास. फक्त कडा सरळ करताना त्याने समास कापला, आणि समासात माझ्या पेन्सिलच्या नोंदी होत्या. आता उत्पत्ती ३२ (याकोब रात्रभर झोंबी घेऊन लंगडत निघतो तो अध्याय) समोर "याकोब लंग" एवढंच उरलंय.

एप्रिलमध्ये इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे सुरुवातीचे नऊ अध्याय निव्वळ वंशावळ. सरळ सांगते, तीन दिवस नुसती नजर फिरवली. नहेम्याच्या पुस्तकात ८व्या अध्यायात मात्र एज्रा शास्त्री सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय आणि लोक उभं राहून ऐकताहेत. आमच्याकडे प्रवचन चाळीस मिनिटांवर गेलं की घड्याळं दिसायला लागतात.

जूनमध्ये स्तोत्रं. तेव्हा घरात दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. चर्चच्या पाळकसाहेबांनी सांत्वनाला २३वं स्तोत्र (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) पाठवलं, मला धरलं ८८व्याने. इतर विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. असं स्तोत्र शास्त्रात राहू दिलं, याचाच मला आधार वाटला. कापलेल्या समासात उरलेल्या बोटभर जागेत फक्त तारीख लिहिली.

बाइंडिंगचं एवढं का लावून धरलंय, असं घरी रोज ऐकते. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या, १९२४ला ते प्रकाशित झालं. इतक्या कष्टाने मराठीत आलेल्या ग्रंथाला दोन रुपयांचा दोरा परवडत नाही?

सध्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. परवा ३६वा अध्याय आला. त्याचा लेखनिक बारूख याने यिर्मयाच्या तोंडून उतरवून घेतलेली गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि निखाऱ्यांवर टाकतो. सगळी गुंडाळी जळते. मग यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि दुसऱ्या गुंडाळीत पहिलीपेक्षा जास्त मजकूर येतो.

वाचून झाल्यावर उत्पत्ती ३२ उघडलं. "याकोब लंग"च्या पुढे काय लिहिलं होतं ते आठवेना. दहा रुपयांची वही आणलीय. आता नोंदी त्यात.