जपानी टर्नटेबल घेताय? आधी हर्ट्झ विचारा

वडिलांच्या नाट्यसंगीताच्या एलपी वाजवायला गेल्या वर्षी जपानहून आलेला एक जुना बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्यानं थाळी फिरवते असा) टर्नटेबल घेतला. लाकडी बैठक, जड ॲल्युमिनियमची थाळी, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, कुठेही अडखळत नाही. विकणाऱ्यानं 230 चे 100 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मरही दिला. "लावा आणि ऐका," म्हणाला.

लावला. काळी दोनची गायिका जवळपास खालच्या पांढरी एक पट्टीत गायला लागली. पेटी काढून दोनदा ताडून बघितलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण बुवा रे हे?"

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) नाही. जपानात टोकियोकडे 50 हर्ट्झ, ओसाकाकडे 60. माझी पुली, म्हणजे मोटरवरची पट्टा फिरवणारी चाकी, 60 ची. सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवरच चालते, म्हणून आपल्या 50 वर मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम 28 फेरे. विकणाऱ्याला फोन केला, तर "जुनं आहे, चालायचंच!"

मग पुली खिशात घालून कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठलं. लेथवरच्या मामांनी कॅलिपर लावला, "एक पंचमांश वाढवायचं, एवढंच न्हवं?" म्हणत पितळेची नवी पुली काढून दिली. तरी अंमळ हळूच. चूक माझी, पट्ट्याची जाडीही हिशेबात धरायची असते. दुसऱ्या खेपेला सगळं धूड स्कूटरवरून तिकडेच नेलं. थाळीवर 180 रेघांची कागदी चकती, वर त्यांची चोकवाली जुनी ट्यूबलाइट. रेघा जागच्या जागी उभ्या! मामा वाकून बघत राहिले. "थाळी फिरतीय, मग रेघा का थांबल्यात?" ट्यूबलाइट विजेच्या तालावर लुकलुकते; गती बरोबर असली, की दर लुकलुकीला पुढची रेघ आधीच्या जागी येते.

कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, त्यानंतर बदलली: ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम95ई, सुईचा दाब 2 ग्रॅम. एलपीच्या शेवटाकडे 'स' फुटायचा, तो बराच आवरला. पुढेमागे याच बॉडीवर मायक्रोलिनियर, म्हणजे आणखी बारीक टोकाची, सुई बसते, म्हणजे पैसे वाया नाहीत. गती चुकलेली असताना ही कार्ट्रिजच आधी घेतली असती, तर बुवाच जरा स्पष्ट ऐकू आले असते.

नव्यानं घेणाऱ्यानं टेक्निक्स एसएल-1200 एमके2 सारखा क्वार्ट्झवाला डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय, थाळी थेट मोटरवर) बघावा. त्याची गती विजेच्या हर्ट्झवर नसते, व्होल्ट तेवढे तपासायचे. बेल्टवालाच आवडला, तर मागच्या व्होल्ट-हर्ट्झ लिहिलेल्या पट्टीचा आणि पुलीचा फोटो मागवा.

माझा मी विकणार नाही. फसलेली पहिली पुली स्कूटरच्या किल्लीला अडकवलीय.