बायच्या वाकड्या पायाचं ऑपरेशन, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आम्ही देवगडचे. आमच्या लेकीचा, बायचा, डावा पाय गुडघ्याखाली वाकत चाललाय हे पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आलं, ती ७ वर्षांची होती तेव्हा. म्हणाल्या, "गो, चेडवाची डाव्या पायाची वाण भायरसून झिजता, बघ जरा." आम्ही जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कॅल्शियमचं सिरप दिलं आणि वाढेल तशी सरळ होईल म्हणाले, वर एका दुकानातून खास बूट घेतले, आणि ह्यात आमची दीड वर्षं गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग कोल्हापूरला, फक्त लहान मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. फोंडा घाट, बायला गाडी लागते, पोचेपर्यंत सगळेच गळलेले. ओपीडीत ३ तास बसलो, एक स्टार तिथेच कापलाय. पण डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी, फॉस्फरस वगैरे, कारण मुडदूस असेल तर आधी ते औषधांनी ठीक करावं लागतं. रिपोर्ट नॉर्मल आले. मग उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंत एकच लांब एक्स-रे काढला आणि त्यावर पट्टी ठेवून दाखवलं की खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेघ गुडघ्याच्या मधून जायला हवी ती आतून जातेय. नडगीच्या वरच्या टोकाची वाढीची पट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कुर्चेचा थर, आतल्या बाजूला दबलेली होती, त्याला ब्लाउंट म्हणतात. बाळांचे पाय दीड-दोन वर्षांपर्यंत वाकडे असतातच, ते आपोआप सरळ होतात, पण एकच पाय आणि वाढत जाणारा वाक असेल तर थांबू नका असं ते स्पष्ट बोलले.

बायचं ऑपरेशन म्हणजे हाड कापणं नव्हतं. एट प्लेट म्हणतात, इंग्रजी ८ च्या आकाराची धातूची छोटी पट्टी, बोटाच्या पेराएवढी. बाहेरच्या बाजूला वाढीच्या पट्टीच्या वर एक स्क्रू, खाली एक. प्लेट बाहेरची बाजू दाबून धरते, आतली बाजू वाढत राहते, आणि पाय हळूहळू सरळ येतो. बाय दुसऱ्या दिवशी वॉकरने उभी राहिली. नंतर दर ३ महिन्यांनी एक्स-रे. घरी मी घोटे जोडून उभी करून बघायचे, आधी गुडघ्यांच्या मध्ये माझी ४ बोटं आरामात जायची, सहा महिन्यांनी २ च गेली, त्या दिवशी मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं आणि दोघी रडलो. १४ महिन्यांनी प्लेट काढली.

हे सगळं वाढ शिल्लक आहे तोवरच चालतं, मुलींमध्ये साधारण १४ आणि मुलांमध्ये १६ च्या आसपास वाढ संपते. शेजारच्या बेडवर वेंगुर्ल्याचा १५ वर्षांचा मुलगा होता, त्याचं हाड कापून ते हळूहळू सरळ करायला बाहेरून रिंगा लावल्या होत्या, त्याची आई छोट्या पान्याने दिवसातून ४ वेळा नट फिरवायची, एकेका वेळी पाव मिलिमीटर, शिवाय हाडात घातलेल्या तारांभोवतीची कातडी रोज साफ करायची. शांतपणे करायची ती माऊली, पण हात थरथरायचा. उशीर झाला की हे असं होतं.

नर्स खूप चांगल्या, बायला प्रत्येक इंजेक्शनच्या आधी सांगायच्या. जाताना जुने सगळे एक्स-रे न्या, फक्त मोबाईलवरचे फोटो चालत नाहीत.

प्लेट काढली तरी वाढ संपेपर्यंत वाक परत येऊ शकतो, म्हणून तपासणी चालूच आहे. बायचा पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे, काय निघालं ते इथेच लिहीन.