जुनी पोलो जीटी, टॉर्क कन्व्हर्टर आणि जळगावचं ऊन

जळगावात सेकंड हँड स्पोर्टी हॅचबॅक शोधायला निघालं की सल्ला ठरलेला, "मॅन्युअलच घे भाऊ, ऑटोमॅटिकचं इथं कोण बघणार?" बाजारही त्याच बाजूचा आहे. अबार्थ पुंटो आणि बलेनो आरएस आपल्याकडे फक्त मॅन्युअलमध्येच आल्या. तरीही मी २०२१ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ऑटोमॅटिक घेतली. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा चालवून झाल्यावर मी पुन्हा हीच गाडी घेईन. मात्र नुसतं 'ऑटोमॅटिक' बघून भागत नाही, आत कोणता गिअरबॉक्स आहे ते बघावं लागतं.

पोलो जीटी टीएसआय या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गाड्या विकायला येतात. २०१३ पासूनच्या गाडीत १.२ लिटर चार सिलिंडर इंजिन, १०५ पीएस आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत एक लिटर तीन सिलिंडर इंजिन, ११० पीएस आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ओढ तेलातून चाकांकडे नेणारा ऑटोमॅटिक. टॉर्क दोन्हींचा १७५ न्यूटन मीटर. जाहिरातीत मात्र दोन्हींपुढे एकच शब्द असतो, 'ऑटोमॅटिक'.

डीएसजीची मजा खरी आहे, ती नाकारायची नाही. विषम गिअर एका क्लचवर, सम गिअर दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून बसलेला असतो, त्यामुळे बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. पण हा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा. ओल्या क्लचला तेल थंड ठेवतं, याला तो आधार नाही. गाडी मुंगीच्या पावलानं सरकते तेव्हा क्लच अर्धा धरलेला, घासत राहतो आणि तापतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, पुढे ट्रक, इच्छादेवी ते आकाशवाणी चौक खोळंबलेला. ही परिस्थिती या क्लचला सगळ्यात नकोशी. आणि खान्देशात येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्या एमएच १२ किंवा मुंबई पासिंगच्या, म्हणजे त्यांचं आधीचं आयुष्य अशाच गर्दीत गेलेलं. मीटरवर किलोमीटर कमी दिसले तरी क्लचनं किती सोसलंय ते त्यातून कळत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सुरुवातीची ओढ तेलातून येते, सरकताना घासणारा कोरडा क्लच नसतो. ब्रेक सोडला की गाडी गुळगुळीत पुढे जाते. माझ्या गाडीनं अख्खा उन्हाळा एसी लावून शहरात काढला, एकदाही झटका दिला नाही. मला यासाठीच ती हवी होती.

आता चालवण्याचं सुख. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गिअरची दांडी एसवर, म्हणजे स्पोर्ट मोडवर ओढली की गाडीचा स्वभावच बदलतो. आरपीएम वर राहतात, वळणातून बाहेर पडताना टर्बो तयार असतो. डीमध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्ह मोडमध्ये तसं नाही. तिथं गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला लवकर वरचा गिअर टाकतो आणि ओव्हरटेकला पाय दाबला की किकडाउनला, म्हणजे खालच्या गिअरवर यायला क्षणभर लागतो. केळीच्या ट्रकला मागे टाकायचं असेल तर आधीच एस किंवा मॅन्युअल मोडमध्ये यायचं, ही सवय लागली की तक्रार उरत नाही. उतारावर तर मॅन्युअल मोड हवाच. तोरणमाळहून शहाद्याकडे उतरताना गाडी डीमध्ये सोडून सारखा ब्रेक दाबणं धोक्याचं आहे. दुसऱ्या-तिसऱ्यात धरली की इंजिनच तिला आवरतं. चढावर थांबल्यावर हिल होल्ड असल्यानं मागं घसरायची भीती नाही. घरच्यांनी गाडी हातात घेतली ती त्यामुळेच.

ॲव्हरेज धुळे रस्त्यावर चांगलं, शहरात बेताचं. एसमध्ये चालवलं तर त्याचा विचारच सोडायचा.

डीएसजीवरच मन असेल तर मोडता घालणार नाही, बघून घ्या म्हणजे झालं. प्रत्येक डीएसजी कोरडा नसतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० चा सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा आहे, तिच्या ३५० न्यूटन मीटरच्या ताकदीला तोच लागतो. ह्युंदाई आय२० एन लाइनच्या डीसीटीचा (हाही दोन क्लचचाच गिअरबॉक्स) क्लच मात्र कोरडाच.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनवर डीमधून आरमध्ये टाका, किती उशीर लागतो आणि धक्का बसतो का ते बघा. मग अर्धा तास गर्दीत फिरवा, कारण थरथर गाडी तापल्यावरच उघडी पडते. गाडी गरम असतानाच एखाद्या चढावर रिव्हर्समध्ये हळूहळू मागे घ्या. थरथरली तर किंमत कितीही पाडली तरी घेऊ नका, क्लच आणि मेकॅट्रॉनिकचा (डीएसजीचे गिअर बदलणाऱ्या युनिटचा) खर्च त्या सवलतीला गिळून टाकतो. स्कॅनर लावणारा मेकॅनिक सोबत न्या. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शोधा. नोंद नसेल तर त्या खर्चाचे पैसे किमतीतून कमी करून घ्या आणि गाडी घरी आणल्यावर पहिलं काम तेच करा.