‘बिनाइन म्हणजे पहिली स्टेज’ असं सांगून आमचे ५७,२०० रुपये घेतले

‘वैद्या’ची तपासणी फी ५००. मशीनवरची तपासणी ३,२००. मग गाठ विरघळवायच्या काढ्याचे तीन कोर्स: ११,०००, १८,५०० आणि २४,०००. एकूण ५७,२०० रुपये. नवरा शिरोलीला फौंड्रीत आहे, त्याचे दोन पगार घातले तरी एवढे होत नाहीत. तिसऱ्या कोर्ससाठी माझी बोरमाळ पतसंस्थेत ठेवली.

लेक १९ वर्षांची. अंघोळ करताना छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. आम्ही हयगय केली नाही, हे आधी सांगते. दुसऱ्याच दिवशी दवाखाना, सोनोग्राफी, सुईची तपासणी, सगळं केलं. डॉक्टर म्हणाले, “फायब्रोॲडिनोमा आहे, बिनाइन. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करा.” बाहेर ही गर्दी. मी मान हलवली आणि उठले. बिनाइन म्हणजे काय, एवढं विचारायला तोंड उघडलं नाही. फुलेवाडीला घरी येईपर्यंत डोक्यात एकच: गाठ आहे म्हणतात, आणि काढायची नाही म्हणतात?

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. शेजारच्या काकू, त्यांच्या भाचीला आलेला गुण, दर गुरुवारी शाहूपुरीत बसणारे ‘वैद्य’.

त्यानं रिपोर्ट हातात घेतला. बिनाइन या शब्दाखाली नख टेकवलं आणि म्हणाला, “ताई, ही पहिली स्टेज. दुसरीत मॅलिग्नंट. सुई लावून घेतलीत, आता पसरायला वेळ लागणार नाही.” बोलता बोलता त्यानं कागदाचा खालचा भाग आत दुमडला आणि वर अंगठा दाबून धरला. माझ्या डोळ्यांदेखत. लेक म्हणाली, “आई, खाली अजून काहीतरी लिहिलंय.” मी तिला म्हटलं, “गप बस, मोठी माणसं बोलतायत.”

खाली लिहिलं होतं, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. पोरीनं ते वाचलं होतं. मी तिला गप्प केलं. चार महिने ती तो कडू काढा पीत होती, उलट्या काढत होती, आणि मी वाटी घेऊन तिच्यापुढे उभी होते.

मला अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा कॅन्सर हा शब्द आपल्या पोरीच्या बाबतीत ऐकून बघावा.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. गाठ होती तेवढीच, एक मिलिमीटर कमी नाही. त्यांनी कागदाच्या पाठीमागे दोन आकृत्या काढल्या. एक गोल, स्वच्छ कडेचा: ही बिनाइन. आपल्या जागी वाढते, बहुतेक वेळा सावकाश, दुसऱ्या अवयवात जात नाही. दुसरी वेडीवाकडी, कडेनं मुळं फुटल्यासारखी: ही मॅलिग्नंट, म्हणजे कॅन्सर. शेजारच्या भागात घुसते, रक्तातून आणि लसिकेतून, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या द्रवातून, लांब पोचते. स्टेज मोजतात ती कॅन्सरची. बिनाइनला स्टेजच नसते. फायब्रोॲडिनोमा तरुण मुलींत नेहमी दिसतो, बोटाखाली सरकतो, आणि सहसा त्याचा कॅन्सर होत नाही. पाच मिनिटं लागली त्यांना. एवढी पाच मिनिटं आधी मिळाली असती तर!

पोलिसांत गेले. “पैसे तुम्हीच दिलेत ना? बिल आणा.” बिल कुठलं! ८,००० ऑनलाइन गेले, तेही कुण्या बाईच्या नावावर. बाकी सगळे रोख. तिथून औषधांचं बघणाऱ्या ऑफिसात पाठवलं. तिथं म्हणाले, सील न फोडलेली बाटली आणा, रिकामी चालत नाही. डॉक्टरांच्या नोंदणीच्या ठिकाणी कळलं, त्याची नोंदणीच नाही, म्हणून तो त्यांच्या अखत्यारीत येत नाही! नोंदणी नाही हाच तर गुन्हा ना? कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. जिन्यात त्याचा बोर्ड लागलाय, फोटो काढून दिला, तर म्हणे साहेब मीटिंगला गेलेत. पाच खेपा झाल्या, शिवणाची गिऱ्हाइकं परत गेली.

रिपोर्टची शेवटची ओळ स्वतः वाचा, नाहीतर पोरांकडून वाचून घ्या. सुईनं कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्याकडून त्याच पावली उठा. आणि उलटंही ऐका: दुखत नाही म्हणून गाठ साधी, असं घरी ठरवू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बिनाइन असली तरी सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी चुकवू नका. मेंदूतली बिनाइन गाठसुद्धा दाबानं जिवावर बेतू शकते, तेव्हा कुठं आहे हेही विचारा. बाटलीवर लायसन्स नंबर नसेल तर पैसे देऊ नका.

तो अजून गुरुवारी बसतो. कुणी त्याचा काढा आणला असेल आणि एखादी बाटली फोडायची राहिली असेल, तर फेकू नका. मला हवी आहे.