पुणे नभोवाणी, १९५५-५६: एका दिवसाच्या सेवेचे परीक्षण

ऑल इंडिया रेडिओचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच्या सेवेचे खरे मोल जोखायचे असेल, तर १९५५-५६ मधला एखादा शुक्रवार घ्यावा. प्रसारण अखंड नसे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभा, म्हणजे प्रसारणाची सत्रे, भरत आणि मधल्या वेळात केंद्र चक्क बंद असे. वॉल्व्हचा रेडिओ-संच तापून आवाज धरायला वेळ लागे, त्यामुळे वॉल्टर काउफमन यांनी बांधलेली, तंबोऱ्याच्या सुरावर उभी असलेली आरंभीची धून पुरती ऐकायची, तर बटण आधीच फिरवून ठेवावे लागे.

सकाळी पावणेनऊला ‘गीतरामायण’ लागे, आणि या सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यावेत ते इथेच. १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक नवे गीत, शब्द गदिमांचे आणि चाल सुधीर फडके यांची. वर्षाहून थोड्या अधिक काळात अशी ५६ गीते झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा निरनिराळ्या गळ्यांना पात्रे वाटून दिल्यामुळे प्रत्येक गीत त्या त्या पात्राचेच वाटे, आणि हा गुण पुढे एकट्या गायकाच्या मैफलींत, त्या कितीही रंगल्या तरी, उरणे शक्य नव्हते. गीत प्रसारित झाले की पुण्याची वृत्तपत्रे त्याचे शब्द छापू लागली, यावरून मागणी किती होती ते कळते.

दुपारच्या सभेविषयी फार लिहिण्याजोगे नाही. संध्याकाळी मात्र शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम असत. १९५६ च्या आरंभी युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे उभी राहिली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर मंडळात चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे कळवायच्या, अशी ती रीत होती. ऐकणाऱ्याला उलट विचारण्याची सोय सरकारी नभोवाणीने इतक्या पद्धतशीरपणे करावी, ही मला ‘गीतरामायणा’इतकीच मोठी कामगिरी वाटते, जरी तिचे नाव आज कोणी काढत नाही.

हीच नभोवाणी करमणुकीच्या बाबतीत मात्र श्रोत्याला काही विचारायला तयार नव्हती. नभोवाणी खाते सांभाळणारे मंत्री बाळकृष्ण केसकर यांना चित्रपटगीतांचे वावडे होते. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण रेडिओ बाळगण्यासाठी दरवर्षी परवान्याचे पैसे भरणाऱ्या माणसाला हलकेफुलके गाणे ऐकण्यासाठी लघुलहरींच्या खरखरीतून कोलंबोचे रेडिओ सिलोन शोधावे लागत होते, आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला तो ते आनंदाने करीत होता. परवाना दिल्लीचा आणि श्रोता कोलंबोचा, असा हा व्यवहार झाला.

त्यावर तोड निघाली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारतीच्या रूपाने. नभोवाणीवर १९४० साली बंदी आलेल्या पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, मात्र १९७१ पर्यंत ताटकळावे लागले.