नवख्यांसाठी: झ्यूस की हेडीस?

एज ऑफ मायथॉलॉजी (२००२) हा संगणकावरचा युद्धाचा खेळ. त्यात ग्रीक घेतले की त्यांचा मुख्य देव निवडावा लागतो. पोसायडन घोडदळवाल्यांचा, त्याला सध्या बाजूला ठेवू.

झ्यूस म्हणजे चढाई. त्याचे हॉप्लाइट भालाईत वेगाने धावतात, पायदळ इमारती लवकर पाडतं आणि पुराणातले राक्षस बनवायला लागणारी देवकृपाही भरभर जमते. ग्रीकांकडे ही कृपा गावकऱ्यांना मंदिरापाशी प्रार्थनेला बसवूनच मिळते. नवखे सगळे गावकरी अन्न-लाकडाला जुंपतात आणि मग मिनोटॉर हा बैलमुखी राक्षस का बनत नाही, असं विचारतात! झ्यूसची वीज शत्रूच्या कोणत्याही एका सैनिकाला किंवा राक्षसाला जागीच संपवते. मूळ खेळात ती एकदाच मिळते, म्हणून पहिल्या दिसलेल्या शिपायावर अजिबात उधळू नका.

हेडीस बचावाचा. त्याच्या इमारती जास्त टिकाऊ, तिरंदाज जास्त घातक. शिवाय सेंटिनेल हे बाण मारणारे पुतळे नगरकेंद्राभोवती उभे राहतात आणि मेलेले काही सैनिक छाया होऊन परततात.

माझं मत हेडीसला. नवख्याला सर्वात जास्त गरज असते ती वेळेची, आणि तो ती देतो. कीबोर्डवर हात बसला की झ्यूस घ्या.