लॉनमधल्या लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन: पावसाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

मुलुंडला आम्ही तळमजल्यावर राहतो. मागे साधारण चारशे चौरस फुटांचं मेक्सिकन गवताचं लॉन आहे. भरावाच्या लाल मातीतून लव्हाळा आला आणि बघता बघता निम्मं लॉन गिळून बसला. त्यावर वापरलेल्या हॅलोसल्फ्युरॉन या तणनाशकाबद्दल सविस्तर लिहितेय, कारण मला मराठीत जी माहिती मिळाली ती सगळी उसाच्या शेतासाठी होती.

आधी तण नीट ओळखा. दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर लव्हाळाच. खुरपीने हलकेच माती बाजूला केली की काळपट गाठी दिसतात, दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. एखादी गाठ नखाने फोडून हुंगा, थेट दिवाळीच्या उटण्याचा वास येतो. वरून उपटलं की या गाठी खालीच राहतात, आणि साखळी तुटली की इतके दिवस गप्प असलेल्या गाठीही फुटतात. आमचे माळीकाका मन लावून उपटायचे आणि पाठोपाठ आणखी दाट उगवायचं. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता, या तणाची जातच तशी.

शेजाऱ्यांनी ग्लायफोसेट हे तणनाशक सुचवलं होतं. ते लव्हाळ्याबरोबर लॉनही जाळतं. शिवाय ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारने त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरताच ठेवला आहे. म्हणून मी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के घेतलं. माझ्या पुडीवर शिफारस उसासाठी आहे, लॉनचा उल्लेख नाही. अमेरिकेत मात्र हे रसायन लॉनमधल्या लव्हाळ्यासाठीही विकलं जातं. तरी आधी एका कोपऱ्यात मारून बघितलं. गवत शाबूत राहिलं, मगच पुढे गेले.

खरी कटकट मापाची. प्रमाण एकराला 36 ग्रॅम, म्हणजे हजार चौरस फुटांना एक ग्रॅमही लागत नाही! चमच्याने अंदाजपंचे घालायचं हे औषध नव्हे. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, तेवढा खर्च कराच. पाण्यात थोडं स्टिकर (फवारा पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण) मिसळा, कारण लव्हाळ्याचं पान गुळगुळीत असतं, थेंब ओघळून जातो. फवारणीआधी काही दिवस गवत कापू नका. औषध पानातूनच गाठीपर्यंत उतरतं, तेव्हा पान भरपूर हवं. मुंबईच्या पावसात कोरडा दिवस गाठणं हीच मोठी परीक्षा. मी जुलैतली उघडीप धरून सकाळी मारलं.

मग धीर धरा. पहिला आठवडा काहीही दिसत नाही, औषध बनावट निघालं की काय असं वाटायला लागतं. नंतर मधला कोंब पिवळा पडतो, शेंडे तपकिरी होतात आणि दोन-तीन आठवड्यांत रोप बसतं. नवे कोंब आले, त्यांना चार-पाच पानं फुटू दिली आणि पुन्हा मारलं. दिवाळीनंतर लॉनमध्ये मोजकीच पाती उरली होती. एवढा फरक मला दुसऱ्या कशानेच दिसला नव्हता.

आंबुशी आणि केना मात्र याला दाद देत नाहीत, ते खुरपीनेच काढावे लागले. कुंड्यांवर तुषार जाऊ देऊ नका. मी तुळस आणि टोमॅटो आधीच आत नेऊन ठेवले होते. हातमोजे, मास्क हवेतच. पान पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि मांजर घरात. कापलेलं गवत भाजीच्या वाफ्यात किंवा खताच्या डब्यात टाकू नका.

एसीच्या पाण्याची नळी जिथे पडते तिथला कोपरा अजून हटत नाही, सतत ओल असते तिथे. नळी वळवून घेतली आहे, वाळू टाकून उतार काढतेय. कोंब पुरेसे वाढले की त्या तेवढ्या भागावर पुन्हा मारणार.